कामाची गती आणि सेवेतील प्रगती

शासकीय कार्यालयात, शाळेत किंवा पंचायतीत काम करणाऱ्या प्रत्येकाला आपली प्रगती व्हावी असे वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र प्रगतीचा विचार करताना आपण बहुधा सेवाज्येष्ठता, विभागीय परीक्षा, वरिष्ठांची मर्जी आणि नशीब एवढ्याच गोष्टी हिशेबात घेतो. आपण रोज ज्या गतीने काम करतो तिचाही या प्रगतीशी संबंध आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. वास्तविक पाहता वरील चार गोष्टींपैकी बहुतेक आपल्या हातात नसतात. कामाची गती मात्र पुष्कळशी आपल्या हातात असते.

दोन प्रकारचे कर्मचारी प्रत्येक वाचकाने पाहिले असतील. पहिल्याच्या मेजावर कागद टिकत नाही. तो आला की तासाभरात पुढे जातो. पण त्यातील निम्मे कागद त्रुटी निघून परत येतात. दुसरा अत्यंत काळजीपूर्वक काम करतो. त्याच्या टिपणीत चूक सापडणे कठीण. पण ती टिपणी हाती पडेपर्यंत अर्जदाराच्या कामाची मुदत टळून गेलेली असते. पहिल्याला आपण तडफदार म्हणतो, दुसऱ्याला साक्षेपी. अर्जदाराच्या दृष्टीने मात्र दोघांत फारसा फरक नाही. ज्या मुलाला प्रवेशाच्या अखेरच्या दिवसापूर्वी दाखला मिळाला नाही त्याचे वर्ष गेले ते गेलेच, मग तो दाखला चुकीचा निघाला म्हणून मिळाला नसो, की फार काळजीपूर्वक तयार होत होता म्हणून. कुटुंबनिवृत्तिवेतनाची वाट पाहणाऱ्या विधवेच्या घरची चूल कार्यालयाच्या शैलीवर चालत नाही. कामाची गती हा केवळ कर्मचाऱ्याच्या सोयीचा वा स्वभावाचा प्रश्न नाही, तो लोकांच्या हक्काचाही प्रश्न आहे.

कायद्याने आखलेली चौकट

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ उपदेशावर सोडलेला नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून अमलात आला. त्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. अतितातडीची नस्ती शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तर तातडीची चार दिवसांत निकाली निघावी असे अपेक्षित आहे. दुसऱ्या विभागाकडे पाठविण्याची गरज नसलेल्या प्रकरणात पंचेचाळीस दिवसांत, आणि तशी गरज असलेल्या प्रकरणात तीन महिन्यांत निर्णय व्हावा असेही हा अधिनियम सांगतो. पुढे २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा नियत कालमर्यादेत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरविला, आणि पुरेशा कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद केली.

या तरतुदींकडे अनेक जण केवळ धाक म्हणून पाहतात. परंतु त्यांत एक शहाणपणही आहे. कायद्याने सर्व कामांना एकच गती लावलेली नाही. काही कामांना एक दिवस, काहींना चार, काहींना सात, तर काहींना तीन महिने दिले आहेत. प्रत्येक कामाची गती वेगळी असते, आणि ती त्या कामाच्या स्वरूपावरून ठरते, हे तत्त्व त्यात गृहीत धरलेले आहे. प्रगती साधू इच्छिणाऱ्याने हेच तत्त्व आत्मसात केले पाहिजे.

घाई कोठे चालते, कोठे चालत नाही

१९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर काही प्रयोग केले. फरक ओळखण्याचे काम सोपे असेल तेव्हा उत्तेजन जितके तीव्र तितके उंदीर लवकर शिकत. काम अवघड झाले की मात्र अतितीव्र उत्तेजनाने शिकणे मंदावे. तेथे मध्यम उत्तेजनच अधिक गुणकारी ठरे. उंदरांवरून माणसांबद्दल सरळ निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तथापि कार्यालयीन अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. आवक टपालाची नोंद, नमुन्यातील दाखले, स्मरणपत्रे, हजेरीचा गोषवारा ही कामे थोड्या दडपणाखाली झपाट्याने होतात आणि बिघडतही नाहीत. उलट वेतननिश्चिती, वारसांची चौकशी, अपिलावरील टिपणी किंवा विद्यार्थ्याच्या मागासलेपणाचे कारण शोधणे ही कामे घड्याळाकडे पाहत केली की हमखास बिघडतात.

शिवाय सर्व चुकांची किंमत सारखी नसते. स्मरणपत्रातील चूक दुसऱ्या पत्राने सुधारता येते. सेवापुस्तकात जन्मतारखेची नोंद घाईने चुकीची झाली, तर मात्र तिची दुरुस्ती सामान्यतः सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला तरच विचारात घेतली जाते. नोंद करताना वाचविलेली दोन मिनिटे कोणाच्या तरी सेवानिवृत्तीच्या वेळी अशी महाग पडतात. म्हणून कामाची गती ठरविताना पहिला प्रश्न विचारावा तो असा : हे काम चुकले तर सुधारता येईल काय? सुधारता येण्याजोगे काम जलद उरकावे. न सुधारता येणारे सावकाश करावे, आणि सही करण्यापूर्वी एकदा पुन्हा वाचावे.

येथे सावकाशपणा आणि रेंगाळणे यांतील भेदही स्पष्ट केला पाहिजे. सावकाश काम करणारा कामावर वेळ खर्च करतो. रेंगाळणारा काम आणि स्वतः यांच्यामध्ये वेळ घालवितो. सात दिवस पडून असलेल्या नस्तीवर प्रत्यक्ष काम बहुधा अर्धा-पाऊण तासच झालेले असते. उरलेला सर्व काळ ती नुसती वाट पाहत असते. काम उपलब्ध वेळ भरून काढण्याइतके पसरत जाते, असे सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली काहीशा विनोदाने लिहिले होते. त्या विनोदातील सत्य प्रत्येक कार्यालयाने अनुभवलेले आहे.

ढिगाऱ्याचा हिशेब

आपली गती योग्य आहे की नाही हे मनाच्या समजुतीवरून ठरवू नये, मेजावरील ढिगाऱ्यावरून ठरवावे. १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक साधा नियम गणिताने सिद्ध केला. रोज सरासरी जितकी प्रकरणे येतात त्यांना प्रत्येक प्रकरण सरासरी जितके दिवस राहते त्याने गुणले, की प्रलंबित प्रकरणांची सरासरी संख्या मिळते. समजा, एका मेजावर रोज २० प्रकरणे येतात. प्रत्येक प्रकरण सरासरी सात कामकाजाच्या दिवसांत बाहेर पडावयाचे असेल, तर त्या मेजावर १४० च्या आसपासच प्रकरणे असली पाहिजेत. प्रत्यक्षात तेथे ३०० प्रकरणे असतील, तर अर्जदाराला सरासरी १५ दिवस थांबावे लागते. हे सांगण्यासाठी वेगळ्या तपासणीची गरज नाही.

आता हा ढीग कमी कसा करावयाचा? रोज २० येतात आणि रोज २० निकाली निघतात, तर कर्मचारी दिवसभर राबूनही ढीग तसाच राहतो, आणि 'इतके काम करूनही नाव नाही' अशी खंत मनात घर करते. अशा वेळी अनेक जण दहा दिवसांत सर्व प्रलंबन संपविण्याचा निश्चय करतात. जादा १६० प्रकरणे दहा दिवसांत संपवायची म्हणजे रोज ३६ प्रकरणे, म्हणजे जवळजवळ दुप्पट काम. तीन-चार दिवसांत थकवा येतो, चुका वाढतात, परत आलेली प्रकरणे पुन्हा ढिगात भर घालतात, आणि निश्चय मोडतो. त्याऐवजी रोज २० च्या जागी २२ प्रकरणे काढली, तर तोच जादा ढीग ८० कामकाजाच्या दिवसांत, म्हणजे सुमारे चार महिन्यांत, फारसा गाजावाजा न होता संपतो. रोजची दोन अधिक प्रकरणे ही टिकणारी गती आहे. सोळा अधिक प्रकरणे हा केवळ झटका आहे.

ढीग उपसण्यापूर्वी तो वेगळा करावा लागतो, हा धडा महाराष्ट्राने पूर्वीच घेतला आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन सुधारणांचा जो प्रयोग केला तो 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखला जातो. कागदांची सहा गठ्ठ्यांत विभागणी ही पद्धत आजही अनेक कार्यालयांत परिचित आहे. कार्यवाही करावयाची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद असे हे सहा गठ्ठे होत. या विभागणीने कोणाचेही हात अधिक वेगाने चालू लागत नाहीत. तरीही काम वेगाने होते, कारण हवा तो कागद शोधण्यात जाणारा वेळ वाचतो, आणि मेजावर दिसणारा डोंगर म्हणजे सर्वच काम नव्हे हे कर्मचाऱ्याला उमगते.

थोडी उसंत आवश्यक

दिवसाचा प्रत्येक क्षण कामाने भरलेला असणे हे कार्यक्षमतेचे लक्षण मानले जाते. गणित मात्र वेगळेच सांगते. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीच्या मागण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातून रांगांचे शास्त्र उभे राहिले. त्या शास्त्राच्या सर्वांत साध्या सूत्रानुसार, कामे अनियमितपणे येत असतील आणि एका माणसावरील भार त्याच्या क्षमतेच्या निम्मा असेल, तर एक काम पूर्ण होण्यास प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेच्या सरासरी दुप्पट काळ जातो. भार ८० टक्के झाला की पाचपट, ९० टक्के झाला की दसपट, आणि ९५ टक्के झाला की वीसपट! म्हणजे भार नव्वदावरून पंचाण्णव टक्क्यांवर गेला तर काम जेमतेम थोडे वाढते, पण लोकांचे थांबणे दुप्पट होते.

कार्यालयातील कामे अनियमितपणेच येतात. अतिवृष्टी होते आणि पंचनामे सुरू होतात; अधिवेशन लागते आणि तारांकित प्रश्न येतात; शाळेत अचानक माहितीचा तक्ता मागविला जातो. ज्याने सकाळी दहा ते सायंकाळी सहा असा प्रत्येक तास आधीच भरून ठेवला आहे, त्याचे वेळापत्रक अशा पहिल्याच धक्क्याने कोलमडते. म्हणून दिवसातील सुमारे पाचवा हिस्सा कोणत्याही ठरीव कामाला न देता मोकळा ठेवावा. अडचण आली तर तो तिच्या उपयोगी पडेल. न आली तर रोजच्या त्या दोन जादा प्रकरणांना पुरेल.

विश्रांतीचेही तसेच आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी जो लढा दिला त्याला १८९० साली यश आले. तेव्हा ती माणुसकीची मागणी होती. पुढे ती उत्पादनाच्या दृष्टीनेही शहाणपणाची ठरली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाचे तास आणि उत्पादन यांचा बारकाईने अभ्यास झाला होता. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी २०१४ मध्ये त्या जुन्या आकडेवारीची पुन्हा छाननी केली. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते. त्यापुढे प्रत्येक जादा तासाचे फळ घटत जात होते, असे त्यांना आढळले. रात्री उशिरापर्यंत कार्यालयात दिवा जळत असणे हा परिश्रमाचा पुरावा असेल. पण तो दरमहा जळू लागला, तर तेथील कामाची आखणी तपासावी लागेल.

शाळा आणि पंचायत

शिक्षकांच्या बाबतीत बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने एक उपयुक्त दंडक घातला आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हावे. आणि शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा असावा, असे तो सांगतो. या ४५ तासांत पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वतयारी हे अध्यापनाचेच अंग आहे. पाठ्यक्रम 'संपविण्याची' गती आणि मुलांना तो समजण्याची गती या दोन वेगळ्या गोष्टी होत. जून-जुलैत मागील वर्षाच्या कच्च्या राहिलेल्या भागावर दोन आठवडे घालविणारा शिक्षक प्रारंभी मागे पडलेला दिसतो. पण पुढचे पाठ मुलांना उमगू लागल्यामुळे ही पिछाडी तो पुढे बहुधा भरून काढतो.

पंचायतीच्या कामात गतीचा प्रश्न दरवर्षी मार्चमध्ये उभा राहतो. निधी परत जाऊ नये म्हणून अखेरच्या पंधरवड्यात रस्ते, गटारे, खोल्यांची दुरुस्ती यांची एकच धांदल उडते. सिमेंटवर पुरेसे दिवस पाणी मारले जात नाही, मोजमापे घाईने लिहिली जातात, आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघेही उत्तरे देत बसतात. या धांदलीचे मूळ मार्चमध्ये नसते. ते मागील जून ते सप्टेंबर या महिन्यांत असते. पावसाळ्यात बांधकाम थांबते, म्हणून कागदही थांबतात. वस्तुतः हाच काळ अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निविदा यांसाठी सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात कागद पूर्ण झाले, की दिवाळीनंतर कार्यारंभ आदेश निघू शकतो आणि काम उन्हापूर्वी नीट उभे राहते. शेतकरी पेरणीसाठी वाफशाची वाट पाहतो; पण त्या दिवसांत तो बी-बियाणे आणि अवजारे सज्ज करून ठेवतो. पंचायतीनेही तेच करावयाचे आहे.

पदाप्रमाणे गती

सेवेच्या सर्व टप्प्यांवर एकच गती चालत नाही. पहिली दोन-तीन वर्षे शिकण्याची असतात. या काळात नियम मुळातून वाचावेत, जुन्या नस्त्या पाहाव्यात, न समजलेले विचारावे. त्यामुळे काम थोडे हळू झाले तरी हरकत नाही. कालमर्यादा मात्र चुकू नये. विभागीय परीक्षांचा अभ्यासही याच काळात रोज तासभर करावा. या परीक्षांना मुदत आणि संधी यांच्या मर्यादा असतात, आणि अखेरच्या संधीसाठी रजा घेऊन केलेला अभ्यास सेवाज्येष्ठतेचे झालेले नुकसान नेहमीच भरून काढू शकत नाही.

मधल्या टप्प्यावर वेगाला महत्त्व येते. नियम तोंडपाठ झालेले असतात, म्हणून परिचित कामे झपाट्याने उरकावीत आणि वाचलेला वेळ अपरिचित कामाला द्यावा. येथेच अनेकांची प्रगती अडते. परिचित कामात जम बसला की तेच सावकाश करीत राहण्याची सवय लागते, आणि दहा वर्षांचा अनुभव हा एकाच वर्षाचा अनुभव दहा वेळा घेतल्यासारखा होतो.

पर्यवेक्षकाचे पद मिळाले की स्वतःच्या गतीपेक्षा इतरांची गती सांभाळणे हे खरे काम होते. एखाद्या प्रकरणात तीन त्रुटी असताना पहिली दाखवून ते परत करावयाचे, ती दूर झाल्यावर दुसरी काढावयाची, मग तिसरी, ही पद्धत पर्यवेक्षकाला दक्षतेची वाटते. प्रत्येक फेरीत आठ-दहा दिवस गेले, तर अर्जदाराचा महिना त्यात संपतो. सर्व त्रुटी एकाच वेळी, एकाच पत्राने कळविणे हा विलंब कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला ना जादा पदे लागतात, ना संगणक. सर्व प्रकरणे आपल्याच सहीने जावीत हा आग्रह सोडून अधिकार प्रदान करणे हाही त्याच जातीचा उपाय होय.

आपली गती कशी ठरवावी

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. दोन आठवडे रोज किती प्रकरणे आली, किती गेली आणि किती त्रुटी निघून परत आली, एवढेच लिहून ठेवावे. कार्यविवरण नोंदवही नीट भरली जात असेल तर ही माहिती आयतीच मिळेल. परत येणारी प्रकरणे वाढत असतील तर गती फार आहे. प्रलंबन वाढत असूनही परत काहीच येत नसेल तर ती बहुधा फार कमी आहे. सकाळचे पहिले दीड-दोन तास अवघड आणि न सुधारता येणाऱ्या कामांना द्यावेत, दुपारनंतरचा वेळ नेहमीच्या कामांना आणि अभ्यागतांना. आठवड्याच्या अखेरच्या दिवशी अर्धा तास प्रलंबित प्रकरणांची यादी पाहावी. वर्षअखेरीस कार्यमूल्यमापन अहवालातील स्वयंमूल्यनिर्धारण लिहिताना हीच नोंद उपयोगी पडते. 'पुष्कळ काम केले' या विधानापेक्षा '३०० वरून १४०' हे दोन आकडे वरिष्ठांना अधिक सांगून जातात.

आपल्याकडे गतीचा एक उत्तम नमुना दरवर्षी रस्त्यावरून चालत जातो. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सव्वादोनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर पालखी सोहळा सुमारे अडीच आठवड्यांत कापतो. मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, निघण्याची वेळ ठरलेली. वेळापूरजवळ धावाही होतो. पण तो थोड्याच अंतराचा. आळंदीपासूनच कोणी धावत सुटला तर तो पंढरपुरास पोहोचणार नाही, आणि प्रत्येक विसाव्यावर जो झोपून राहील त्याची एकादशी चुकेल. लाखो माणसे, त्यांत वृद्धही, वेळेवर पोहोचतात. कारण ती गती सर्वांना झेपणारी असते आणि ती रोज पाळली जाते.

सेवेचा प्रवास तर तीस-पस्तीस वर्षांचा. त्यात अतिवृष्टीचे, निवडणुकीचे, परीक्षांचे असे धावण्याचे प्रसंग येतीलच, आणि तेव्हा धावलेच पाहिजे. एरवी मात्र, दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे काम वेळेत आणि बिनचूक होईल, व उद्याही तितक्याच उमेदीने कामाला बसता येईल, अशीच गती निवडावी. पदोन्नती केव्हा मिळेल हे सांगता येत नाही. ज्याच्याकडे कागद गेला की तो अडत नाही आणि परतही येत नाही, असा लौकिक मात्र अशा गतीने हळूहळू जमतो, आणि जबाबदारीचे काम कोणाकडे सोपवावे असा प्रश्न येतो तेव्हा त्याच माणसाचे नाव पुढे येते.